टपालाची पिशवी आणि दोन वैमानिक

आपल्या कॉलेजात कुणालाही जे. आर. डी. टाटा म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, जिथे कॅम्पसला नंबर लागावा म्हणून अर्धा वर्ग देव पाण्यात घालून बसलेला असतो. आणि दुसरी म्हणजे नाशिक फाट्यावरचा दुमजली उड्डाणपूल, ज्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पाटीवरचं ते नाव वाचायला भरपूर वेळ मिळतो! पण उड्डाणपुलाला ज्यांचं नाव दिलंय ते खरोखरच उड्डाण करणारे होते, आणि विमानातलं त्यांचं पहिलं मोठं काम टपाल पोचवण्याचं होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

लायब्ररीत ‘द लिटल प्रिन्स’ नावाचं एक पातळ पुस्तक आहे. मुखपृष्ठावर छोट्याशा ग्रहावर उभा असलेला एक मुलगा. लहान मुलांचं म्हणून आपण ते बाजूला सारतो. ते लिहिणारा माणूसही टपालाची विमानं चालवायचा. त्याचं नाव आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी. हे नाव व्हायवाला विचारलं तर सगळ्यांची दांडी उडेल, म्हणून त्याचे मित्र म्हणायचे तसं आपणही त्याला सेंत-एक्स म्हणूया.

मित्रांनो, या दोघांची गोष्ट मला एकत्र सांगावीशी वाटते. दोघं एकाच पिढीचे. सेंत-एक्सचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाला, आणि जे. आर. डीं.चा २९ जुलै १९०४ रोजी चक्क पॅरिसमध्ये. जे. आर. डीं.चे वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. त्यामुळे जे. आर. डीं.ची पहिली भाषा फ्रेंच. इंग्रजी नंतर शिकले आणि ते नीट यावं म्हणून त्यांनी जन्मभर कष्ट घेतले. १९२९ पर्यंत ते कागदोपत्री फ्रेंच नागरिक होते आणि विशीत त्यांनी फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरीही केली. म्हणजे ‘फ्रेंच वैमानिक’ म्हणून शोधायला गेलो तर एक आपल्या नाशिक फाट्यावरच सापडतो, असं म्हणायला हरकत नाही.

विमानाचं वेड दोघांनाही लहानपणीच लागलं. सेंत-एक्सच्या घराजवळ आंबेरिओ इथे विमानांचं मैदान होतं. तिथल्या लोकांच्या मागे लागून लागून १९१२ साली, बारा वर्षांचा असताना, तो पहिल्यांदा विमानात बसला. जे. आर. डी. सुट्टीत आर्देलो नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी जायचे. तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ! २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तोच ब्लेरिओ. वाळूवर विमानं उतरताना बघून या मुलाने ठरवून टाकलं की आपण हेच करायचं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, परीक्षा. सेंत-एक्स नौदलाच्या अकादमीच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. मग आर्किटेक्चरच्या वर्गात नुसता बसायला गेला, तेही पूर्ण केलं नाही. जे. आर. डीं.ना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग करायचं होतं. वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं, १९२६ साली वडील वारले आणि ते राहूनच गेलं. पदवी नाही ही खंत त्यांना पुढे कायम होती. तर अशी ही दोन बिनडिग्रीची माणसं, आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात त्यांच्यावर लेख येतोय. असो.

सेंत-एक्सच्या आयुष्यातला एक तुकडा आपल्या पट्ट्यातल्या लोकांना विशेष आवडेल. विमानाची नोकरी लागण्याआधी तो ट्रक विकायचा! सॉरर नावाची ट्रक बनवणारी कंपनी होती. त्यांच्या कारखान्यात त्याने आधी काही महिने हातात पाने घेऊन काम शिकून घेतलं आणि मग मध्य फ्रान्समधल्या गावोगाव ट्रक विकायला बाहेर पडला. वर्षभराहून जास्त फिरून त्याने किती ट्रक विकले असतील? एक. आकुर्डी-चाकणच्या कुठल्याही सेल्स मॅनेजरला हा आकडा सांगून बघा.

१९२६ साली त्याला तुलूझच्या लातेकोएर कंपनीत नोकरी लागली. पहिल्या महायुद्धातून उरलेली विमानं वापरून फ्रान्स ते मोरोक्को, तिथून वाळवंटाच्या कडेने डाकारपर्यंत आणि पुढे दक्षिण अमेरिकेत टपाल न्यायचं, असा त्या कंपनीचा धंदा होता. तिथला मुख्य माणूस दिदिए दोरा. अत्यंत कडक. नवा वैमानिक आला की त्याला लगेच विमान मिळायचं नाही. आधी वर्कशॉपमध्ये जायचं, इंजिन उघडायचं, सिलिंडर घासून साफ करायचे. कितीही मोठ्या घरचा असो, हात काळे झालेच पाहिजेत. आपण फर्स्ट इयरला फायलिंगचा जॉब घासताना ‘हे कशाला?’ म्हणून कुरकुरतो. दोराकडे त्याचं उत्तर होतं. ती इंजिनं वाटेत कधीही बंद पडायची, आणि खाली मेकॅनिक नसायचा. ज्याच्या खाली सहारा आहे त्याला इंजिनाचा आवाज आतून कळला पाहिजे.

विमानं उघडी, वरून वारा आणि वाळू. वाळवंटावरून दोन-दोन विमानं जोडीने जायची, म्हणजे एक पडलं तर दुसऱ्याने उतरून माणूस आणि टपाल उचलायचं. खाली उतरलेल्या वैमानिकांना तिथल्या टोळ्या पकडून ठेवायच्या आणि खंडणी मागायच्या. १९२७ साली सेंत-एक्सला केप जुबी नावाच्या ठाण्यावर प्रमुख म्हणून पाठवलं. एका बाजूला समुद्र, तिन्ही बाजूंना वाळू, आणि राहायला एक लाकडी खोपटं. दीड वर्ष तिथे राहून त्याने त्या टोळ्यांची भाषा थोडीफार शिकून घेतली, चहा पिता पिता वाटाघाटी केल्या, पडलेली विमानं शोधली, पकडलेली माणसं सोडवली. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात कादंबरी लिहिली. ‘सदर्न मेल’ ती, १९२९ साली आली.

त्याच वर्षी तो अर्जेंटिनाला गेला आणि तिथे त्याला त्याच्या दुसऱ्या कादंबरीचा विषय मिळाला. ‘नाईट फ्लाईट’, १९३१. इंजिनिअरिंगच्या मुलांनी वाचावी अशी कादंबरी मला विचारली तर मी हीच सांगेन, कारण तिचा मूळ प्रश्न शेड्यूलचा आहे! विमान दिवसा जहाजाच्या आणि रेल्वेच्या कितीतरी पुढे जातं, हे खरं. पण सूर्य मावळला की विमान जमिनीवर आणि रेल्वे-जहाज चालूच. दिवसा कमावलेलं रात्री घालवायचं असेल तर विमानाला टपाल कोण देईल? म्हणून रात्रीही उडायचं. त्या काळी रनवेला दिवे जवळपास नाहीत, रडार नाही, हवामानाचा अंदाज म्हणजे पुढच्या ठाण्यावरून आलेली तार.

कादंबरीतला रिव्हिएर हा साहेब दोरावरूनच घेतलेला आहे. तो धुक्यामुळे उशीर झाला तरी वैमानिकाचा वेळेचा बोनस कापतो. धुकं त्याच्या हातात नाही, हे रिव्हिएरलाही कळतं. पण एकदा सूट दिली की माणसं धुकं शोधायला लागतात, असा त्याचा हिशोब. एका रात्री फाबियाँ नावाचा त्याचा वैमानिक वादळात सापडतो, पेट्रोल संपत जातं, आणि तो परत येत नाही. फाबियाँची बायको ऑफिसात येऊन बसते. रिव्हिएर पुढचं विमान वेळेवर सोडतो.

ही कादंबरी वाचून मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. रिव्हिएर बरोबर की चूक? लेखक सरळ सांगत नाही. टपालाच्या पिशवीत काय असतं? कुणाचं प्रेमपत्र, कुणाचं बिल, कुणाची ऑर्डर. त्यासाठी माणूस द्यायचा?

आता इकडे आपल्या देशात या. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डीं.ना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलंच, नंबर १. पुढे आगा खानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. जे. आर. डी. कराचीहून निघाले, आणि अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, कारण स्पार्क प्लग खराब आणि त्याच्याकडे जादा प्लग नव्हते. ज्यांनी आय.सी. इंजिनची लॅब केली असेल त्यांना सांगायला नको की प्लगवर तेल-काजळी बसली की ठिणगी पडत नाही, आणि मॉथसारख्या चार सिलिंडरच्या इंजिनात, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असले तरी, असं होऊ लागलं की समुद्रावर जाण्यात अर्थ नाही. जे. आर. डीं.नी आपल्याकडचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला! पुढे हाच मुलगा १९६० ते १९६४ भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक माजी ब्रिटिश लष्करी वैमानिक होता. भारतात टपाल विमान सुरू करावं ही कल्पना त्याची. लंडनहून इम्पीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत यायचं आणि तिथून पुढे रेल्वेने रखडायचं. व्हिन्सेंट आणि जे. आर. डीं.नी सरकारकडे अनुदान मागितलं, सरकारने नाही म्हटलं. मग अनुदान नको, नुसतं टपालाचं कंत्राट द्या म्हणाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहाटे जे. आर. डी. स्वतः पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. विमानात रेडिओ नाही. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले तर पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढे व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. त्या वेळी जे. आर. डी. अठ्ठावीस वर्षांचे होते.

जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठचा सपाट चिखल. पावसाळ्यात तिथे उतरणं अशक्य. मग पावसाळ्यापुरता सगळा कारभार कुठे हलवायचे माहितीये? आपल्या पुण्याला. येरवडा जेलच्या सावलीतल्या मैदानावर ही टपाल विमानं उतरायची. ज्या जेलमध्ये २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्याच जेलच्या शेजारी. आज लोहगावच्या विमानांचा आवाज आला की लेक्चरमध्ये सगळे खिडकीकडे बघतात, त्या आकाशात नव्वद वर्षांपूर्वी घाटावरच्या पावसातून वाट काढत एकच इंजिन असलेली छोटी विमानं येत होती. (आणि चाकणचं विमानतळ आजही झालेलं नाही. वर्षानुवर्षं चर्चा झाली आणि २०१६ साली जागा पुरंदरला गेली.)

पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी आणि सुमारे दहा टन टपाल नेलं आणि सुमारे ६० हजार रुपये नफा काढला. पण माझ्या मते सगळ्यात मोठा आकडा वेगळाच. वक्तशीरपणा शंभर टक्के, पावसाळ्यासकट. याची दखल सरकारच्या विमान खात्यानेही घेतली.

म्हणजे वेळेच्या बाबतीत जे. आर. डी.सुद्धा रिव्हिएरपेक्षा कमी नव्हते. पुढे एअर इंडियाचे अध्यक्ष झाल्यावर ते स्वतःच्या विमानातून प्रवाशासारखे फिरायचे आणि उतरल्यावर लांबलचक टिपणं लिहायचे. काउंटरवर धूळ होती, चहाचा रंग कॉफीसारखा होता, असल्या बारीक गोष्टी. त्यांची पत्रं नंतर पुस्तकरूपाने छापली गेली. ती वाचली की कळतं, हा माणूसही लेखकच होता, फक्त कादंबरीऐवजी मेमो लिहायचा. एक शब्द इकडेतिकडे झालेला त्यांना खपायचा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो फक्त अर्जेंटिनातला नाही. आपल्या पट्ट्यात प्रत्येक गोष्ट टपालासारखीच चालते. चाकणच्या असेंब्ली लाईनला सीट, ब्रॅकेट, वायरिंग हे सगळं तासातासाच्या हिशोबाने लागतं. गोडाऊनमध्ये महिन्याचा माल भरून ठेवण्याचे दिवस गेले. तळेगाव चौकात कंटेनर अडकला की लाईनवर फोन वाजायला लागतात. लाईन थांबली तर त्याचा खर्च ज्याचा पार्ट आला नाही त्याच्या डोक्यावर. मोठी कंपनी छोटीला दाबते, छोटी आणखी छोटीला, आणि शेवटी तो दाब कुठे पोचतो, तर भोसरीतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर बसलेल्या माणसाच्या हातावर.

गेल्या सुट्टीत इन-प्लांट ट्रेनिंगला मी अशाच एका शेडमध्ये होतो. नाव देत नाही. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो. हेतू हा की दोन्ही हात बटणांवर असताना एकही हात डायमध्ये जाऊ नये. तिथल्या एका प्रेसचं डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हाताने पार्ट लावायचा, दुसऱ्याने बटण. उदगीरकडचे एक काका त्यावर काम करायचे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच होती.

मी विचारलं, “काका, ही पट्टी कशाला?”

“दोन्ही हातानं दाबत बसलं तर टार्गेट निघत न्हाई बाळा.”

“आणि हे बोट?”

“ते जुनंय,” म्हणाले आणि पुढचा पार्ट लावला.

मी सुपरवायझरना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर पट्टी काढली. पुढच्या सोमवारी ती परत लागलेली होती, आणि काकांनी माझ्याकडे न बघता काम चालू ठेवलं.

तेव्हा मला सेंत-एक्सचीच एक गोष्ट आठवली. २९ डिसेंबर १९३५ रोजी तो पॅरिसहून सायगावला जायला निघाला. वेळेचा विक्रम मोडला तर दीड लाख फ्रँकचं बक्षीस होतं आणि पैशाची त्याला गरज होती. बरोबर आंद्रे प्रेव्हो हा मेकॅनिक. वजन कमी करून जास्त पेट्रोल नेता यावं म्हणून त्यांनी रेडिओ घेतलाच नाही. ३० तारखेच्या पहाटे, इजिप्तच्या पश्चिमेच्या वाळवंटावर, ढगात आपण कुठे आहोत हे कळेना. खाली हवेचा दाब किती हे सांगणारं कुणी नाही, म्हणून उंचीमापकाचा आकडा भरवशाचा नाही. नाईलचे दिवे दिसतील म्हणून खाली येत गेले आणि ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने एका पठारावर आदळले. दोघंही वाचले, हे नशीब. पण पाणी जवळपास नव्हतंच. तीन-चार दिवस भटकल्यावर, भास व्हायला लागल्यावर, एका बदाऊनी उंटवाल्याने त्यांना पाणी दिलं.

हाच तो लेखक, ज्याचा यंत्रातल्या वजाबाकीबद्दलचा विचार डिझाईनच्या पुस्तकांत हमखास छापलेला असतो. यंत्राला जे नको ते सगळं काढून टाकत गेलं की ते सुधारतं, असं त्याचं १९३९ च्या ‘विंड, सँड अँड स्टार्स’मधलं म्हणणं. आपल्याकडे कंपन्यांत पार्टचं वजन आणि खर्च कमी करायचे जे प्रोजेक्ट चालतात त्यांचंही तत्त्व तेच. मला ते पटतं. पण काय काढायचं हे ठरवताना एक प्रश्न विचारावा लागतो: ही वस्तू रोज काम करते की फक्त वाईट दिवशी? रेडिओ, जादा प्लग, प्रेसचं दुसरं बटण, या सगळ्या वाईट दिवसाच्या वस्तू. रोजच्या हिशोबात त्या नुसतं वजन दिसतात. अबुकीरला जादा प्लग होते म्हणून अस्पी पुढे गेला. लिबियाकडून येताना रेडिओ नव्हता म्हणून सेंत-एक्स वाळूत पडला.

आणि दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. सेंत-एक्सने रेडिओ काढला तेव्हा पडणारं विमान त्याचं स्वतःचं होतं. (प्रेव्होला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न राहतोच.) १९३२ मध्ये रेडिओशिवाय उडायचं ठरलं तेव्हा पहिल्या विमानात मालक स्वतः बसले. दोरा आधी युद्धात विमान चालवून आलेला होता. १३ जून १९३० रोजी त्यांचा आंरी गियोमे अँडीज पर्वतात बर्फात पडला, तेव्हा सेंत-एक्स स्वतः विमान घेऊन शिखरांमधून त्याला शोधत फिरला. तो सापडला नाही. गियोमेच पाच दिवस चार रात्री चालत खाली आला. बर्फात पडून राहावंसं वाटलं तेव्हा त्याला आठवलं की प्रेत सापडलं नाही तर बायकोला विम्याचे पैसे चार वर्षं मिळणार नाहीत, निदान वरच्या खडकापर्यंत तरी जाऊ. आणि उठला तो चालतच राहिला. रिव्हिएरचा कडकपणा मी अशा लोकांमध्ये समजू शकतो. चिकटपट्टी लावणाऱ्याचा हात त्या डायमध्ये कधीच जाणार नसतो. तिथे रिव्हिएरचं नाव घेऊन ‘शिस्त’ म्हणणं मला मान्य नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. सेंत-एक्सने १९३४ पासून विमान उतरवण्याच्या साधनांसाठी पेटंटचे अर्जही केले होते, म्हणजे माणूस नुसता स्वप्नाळू नव्हता. फ्रान्स पडल्यावर तो अमेरिकेत गेला, तिथे एप्रिल १९४३ मध्ये ‘द लिटल प्रिन्स’ छापलं गेलं. त्यातला वैमानिक वाळवंटात विमान दुरुस्त करत बसलेला आहे. ते वाळवंट कुठून आलं हे आता तुम्हाला कळलं असेल. मग वय उलटून गेलेलं, जुन्या अपघातांनी शरीर मोडलेलं, तरी हट्टाने परत युद्धात. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून, बंदुका काढून कॅमेरे बसवलेलं लॉकहीड पी-३८ घेऊन, तो आल्प्सच्या पायथ्याच्या भागाचे फोटो काढायला गेला आणि परत आलाच नाही.

५४ वर्षांनी, १९९८ मध्ये, मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याचं चांदीचं ब्रेसलेट आलं. २००० साली एका पाणबुड्याला तिथेच समुद्रतळावर विमानाचे तुकडे दिसले, २००३ मध्ये ते वर काढले. पण त्याचंच विमान कशावरून? २००४ मध्ये एका तुकड्यावर ठोकलेला निर्मिती क्रमांक वाचता आला: २७३४. तो त्याच्या विमानाच्या नोंदीशी जुळला. साठ वर्षं खाऱ्या पाण्यात राहून पंच केलेला आकडा टिकला! चाकणला पार्टवर नंबर पंच करताना कंटाळणाऱ्या सगळ्या ट्रेनींना हे सांगावंसं वाटतं.

जे. आर. डी. पुष्कळ जगले. १९४६ मध्ये टाटा एअरलाईन्सची एअर इंडिया झाली, ८ जून १९४८ रोजी तिचं पहिलं विमान लंडनला निघालं, १९५३ मध्ये सरकारीकरण झालं; तरी १९७८ मध्ये सरकारने काढेपर्यंत तेच अध्यक्ष होते. १९८२ मध्ये पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. एकट्याने लेपर्ड मॉथ विमान चालवत कराचीहून जुहूला आले. १९९२ मध्ये भारतरत्न, २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात निधन, आणि दफन पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानात. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत आली.

पण अध्यक्षपदाच्या त्या वर्षांत दोन वाईट दिवस आले, दोन्ही एकाच डोंगरावर. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ आणि २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७, दोन्ही आल्प्समधल्या माँ ब्लांवर आदळली. दुसऱ्या अपघातात ११७ माणसं गेली. त्यात डॉ. होमी भाभा होते, जे. आर. डीं.चे मित्र, ज्यांची टी.आय.एफ.आर. १९४५ मध्ये टाटांच्या ट्रस्टच्या मदतीनेच उभी राहिली होती. चौकशीत काय निघालं? बेरूतहून निघताना विमानातला दिशा दाखवणारा एक रिसीव्हर बंद होता आणि वैमानिकाला ते माहीत होतं. त्याने डोंगर ओलांडला असा चुकीचा अंदाज केला. खाली रडारवरच्या कंट्रोलरला चूक कळली, त्याने बरोबर जागा रेडिओवरून सांगितलीही. पण सांगण्याची भाषा पुरेशी नेमकी नव्हती. वैमानिकाने वेगळाच अर्थ घेतला आणि विमान खाली आणत राहिला.

त्या विमानात टपाल होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये बर्फ वितळून एक पिशवी वर आली. भारत सरकारची, परराष्ट्र खात्याची, आत जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रं. ती भारतीय अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्यात आली.